पिशवी राखून फायब्रॉइडवर उपचार: रिपोर्ट वाचण्यापासून सहा महिन्यांच्या तपासणीपर्यंत

‘पिशवीला गाठ आहे’ असं सोनोग्राफीत निघालं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘केवढी आहे?’ त्याआधी विचारायला हवं ते ‘कुठे आहे?’ गर्भाशयाच्या आतल्या पोकळीत डोकावणारी दोन सेंटीमीटरची गाठ बाईचं हिमोग्लोबिन सहावर आणू शकते. बाहेरच्या बाजूला लोंबणारी सात सेंटीमीटरची गाठ मात्र वर्षानुवर्षं जाणवतही नाही. पिशवी राखून, मोठा छेद न घेता करायचे सगळे उपचार मुख्यतः या जागेवरून ठरतात. म्हणून आधी जागा नीट समजून घ्या, मग उपचाराचं नाव विचारा.

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीतल्या स्नायूची गाठ. ती कॅन्सर नव्हे. त्रास नसेल, म्हणजे अंगावरून जास्त जात नसेल, पोटात दाब वाटत नसेल, सारखं लघवीला जावं लागत नसेल आणि दिवस राहण्यात अडचण नसेल, तर बहुतेक गाठींना वर्षातून एकदा सोनोग्राफी पुरते. पाळी गेल्यावर गाठी आपोआप आक्रसतात. ‘आत्ता नाही काढली तर कॅन्सर होईल’ एवढ्याच कारणावर कोणी पिशवी काढायला सांगत असेल, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घेतल्याशिवाय तारीख ठरवू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या तरुण वयातच काढल्या गेल्या. त्याच्या चौकशीसाठी राज्य सरकारला २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ‘मुलं झाली, आता पिशवीचं काय काम’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं, म्हणून हे आधी सांगितलं.

रिपोर्ट कसा वाचायचा

गर्भाशय ही जाड भिंतींची, आतून अरुंद पोकळी असलेली पिशवी. गाठ पोकळीत आहे, भिंतीत आहे की बाहेरच्या आवरणाखाली आहे, यावरून तिला ० ते ८ असा क्रमांक देतात. रिपोर्टात तो ‘फिगो टाइप’ या नावाने येतो (फिगो ही स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना).

टाइप ० पूर्णपणे पोकळीत, देठावर लोंबणारी. टाइप १ अर्ध्याहून जास्त पोकळीत, थोडी भिंतीत. टाइप २ अर्धी किंवा त्याहून जास्त भिंतीत, उरलेली पोकळीत. टाइप ३ सगळी भिंतीत, पण आतल्या अस्तराला टेकलेली. टाइप ४ भिंतीच्या पोटात. ५ आणि ६ बाहेरच्या बाजूला फुगलेल्या, ७ बाहेर देठावर लोंबणारी, आणि ८ म्हणजे गर्भाशयाच्या मुखावर किंवा इतरत्र असलेली. कधी ‘२–५’ असं लिहिलेलं असतं. ती गाठ आतून बाहेरपर्यंत भिंतीची पूर्ण जाडी व्यापून बसलेली असते.

रिपोर्टात क्रमांक नसेल तर लिहून मागा. ‘मागच्या भिंतीत ५.६ × ५.१ सेंमी इंट्राम्युरल फायब्रॉइड’ एवढ्यावर निर्णय होत नाही. आणखी चार गोष्टी त्यात हव्यात: गाठी एकूण किती, सगळ्यात मोठीची तिन्ही मापं, ती अस्तराला ढकलते का, आणि पोकळीतल्या गाठीच्या बाहेरच्या कडेपासून गर्भाशयाच्या बाहेरच्या आवरणापर्यंत किती मिलिमीटर स्नायू शिल्लक आहे. हा शेवटचा आकडा ५ मिमीपेक्षा कमी असेल, तर आतून दुर्बिणीने गाठ कापताना पिशवीला भोक पडण्याचा धोका वाढतो.

सोनोग्राफी पाळीच्या पाचव्या ते दहाव्या दिवसात करून घ्या. तेव्हा अस्तर पातळ असतं आणि पोकळीतली गाठ उठून दिसते. शक्य असेल तिथे योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी पोटावरून केलेल्यापेक्षा जास्त स्पष्ट असते, आणि तिला लघवी तुंबवून बसावं लागत नाही. पोकळीत गाठ आहे की नाही अशी शंका राहिली, तर बारीक नळीतून सलाईन सोडून सोनोग्राफी करतात. पाच-दहा मिनिटांचं काम, पण त्यावर पुढचा सगळा मार्ग बदलू शकतो.

एमआरआय प्रत्येकीला लागत नाही. गाठी चारपेक्षा जास्त असतील, गाठीला रक्त देणारी रक्तवाहिनी बंद करण्याचा किंवा ध्वनिलहरींनी गाठ तापवून मारण्याचा उपचार करायचा असेल, किंवा ‘ही गाठ की ॲडिनोमायोसिस?’ असा प्रश्न असेल, तर मात्र तो टाळू नका. ॲडिनोमायोसिसमध्ये अस्तराच्या पेशी स्नायूत शिरतात. भिंत सुजल्यासारखी जाड होते आणि सोनोग्राफीत गाठीसारखी दिसू शकते. फायब्रॉइडला भोवती आवरण असतं, त्यामुळे करवंटीतून सुकं खोबरं सुटावं तशी ती सुटून येते. ॲडिनोमायोसिसला अशी हद्द नसते. ऑपरेशन सुरू झाल्यावर हे कळलं तर गाठ सुटत नाही, रक्त जातं आणि धड स्नायूही कापला जातो. एमआरआयमध्ये शिरेतून रंगद्रव्य देतात, म्हणून आधी क्रिएटिनिनची, म्हणजे किडनी नीट काम करते का याची, तपासणी लागते. गाठीत रंगद्रव्य शिरतच नसेल, तर तिचा रक्तपुरवठा आधीच संपलेला आहे. अशा गाठीची रक्तवाहिनी बंद करून काहीही साधत नाही.

आधी कशाची शंका दूर करायची

वय ४५ किंवा त्याहून जास्त असून पाळी बिघडली असेल, तर अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. वजन खूप असेल किंवा वर्षानुवर्षं पीसीओएस (अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा विकार) असेल, तर त्याआधीच्या वयातही हे लागू आहे. पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी, बरेच दिवसांत झाली नसेल तर तीही. गाठीतला खरा कॅन्सर, सार्कोमा, दुर्मीळ आहे, पण ऑपरेशनआधी त्याची शंभर टक्के खात्री देणारी एकही तपासणी नाही. पाळी गेल्यानंतर वाढणारी गाठ आणि एमआरआयमध्ये कडा अस्पष्ट असलेली गाठ, या दोन्हींत पिशवी राखण्याचा हट्ट धरू नये. अशी गाठ पोटात तुकडे करून तर मुळीच काढू नये.

रक्त भरून घ्या, मग तारीख घ्या

सगळ्यात जास्त घाई इथे होते. अंगावरून जाऊन जाऊन हिमोग्लोबिन ७ झालेलं असतं, बाईला चालताना धाप लागते, आणि पुढच्याच आठवड्याची तारीख ठरते. रक्तस्राव जीवावर बेतलेला नसेल, तर चार-सहा आठवडे थांबून हिमोग्लोबिन निदान १० च्या वर आणणं शहाणपणाचं. ऑपरेशनमध्ये रक्त द्यावं लागण्याची शक्यता त्याने कमी होते, आणि नंतर अंगात ताकदही लवकर येते.

फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. लोहाच्या गोळीत ६० ते १०० मिग्रॅ शुद्ध लोह हवं. ती एक दिवसाआड घेतली तरी चांगली शोषली जाते आणि पोट कमी बिघडतं. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको, लिंबूपाणी चालेल. गोळ्या सोसत नसतील किंवा वेळ कमी असेल, तर शिरेतून लोह देतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका वेळी जास्तीत जास्त १००० मिग्रॅ, सलाईनमधून साधारण १५ मिनिटांत. परिणाम लगेच दिसत नाही, हिमोग्लोबिन चढायला दोन ते चार आठवडे जातात. लोह पुरेसं घेऊनही आकडा हलत नसेल, तर थॅलेसेमियाचा वाहक असण्याची तपासणी करा. विदर्भ आणि नंदुरबार भागातल्या बायकांनी सिकलसेलची तपासणी आधीच करून घ्यावी आणि भूलतज्ज्ञांना तो कागद दाखवावा.

दरम्यान रक्तस्राव आवरायला ट्रॅनेक्झामिक ॲसिड देतात. पाळीच्या दिवसांत १ ग्रॅम दिवसातून तीन वेळा, पाच दिवसांपर्यंत, डॉक्टरांच्या सल्ल्याने. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर हे औषध घ्यायचं नाही. पाळी थांबवणारं महिन्याचं इंजेक्शन, ल्युप्रोलाइड ३.७५ मिग्रॅ, दोन-तीन महिने दिलं तर रक्त भरायला उसंत मिळते. त्याची एक अडचण ऑपरेशन टेबलावर कळते. गाठ मऊ पडते, तिच्याभोवतीची हद्द पुसट होते, आणि बारीक गाठी इतक्या आक्रसतात की हाताला लागत नाहीत. त्या आत राहून पुन्हा वाढतात. म्हणून हे इंजेक्शन रक्त फारच कमी असेल किंवा गाठ खूप मोठी असेल तेव्हाच. रक्तवाहिनी बंद करण्याच्या उपचाराआधी ते टाळतात, कारण धमनीच बारीक होते आणि नळी आत जात नाही.

गाठ कायमची विरघळवणारी गोळी, काढा किंवा चूर्ण अजून कुठेच नाही. औषधाने लक्षणं दबतात, गाठ थोडी लहानही होते, औषध थांबवलं की बहुधा परत येते.

पोकळीतली गाठ: आतून, टाक्याशिवाय

टाइप ० आणि १, साधारण ३ ते ४ सेंटीमीटरपर्यंत, यांना हिस्टेरोस्कोपी हा सर्वांत सरळ मार्ग. पोटावर छेद नाही. योनीमार्गातून दुर्बीण गर्भाशयात जाते, द्रव सोडून पोकळी फुगवतात आणि विजेच्या तारेच्या फाशाने गाठ काप-काप करून काढतात. कापलेले तुकडे पांढरे, चिवट, आत सुताच्या गुंड्यासारखे वळसे असलेले दिसतात. वेळ अर्धा ते एक तास, आणि बहुतेक वेळा संध्याकाळी घरी.

इथे बिघडतं ते द्रवामुळे. पोकळी फुगवायला सोडलेला द्रव कापलेल्या रक्तवाहिन्यांतून अंगात शिरतो. मोनोपोलर तार वापरली तर ग्लायसिनचा द्रव लागतो. तो जास्त शोषला गेला तर रक्तातलं सोडियम घसरतं, मेंदूला सूज येऊ शकते. म्हणून त्यात १००० मिलिला काम थांबवायचं असतं. बायपोलर तारेसोबत साधं सलाईन चालतं आणि मर्यादा धडधाकट बाईसाठी २५०० मिलिपर्यंत जाते. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर दोन्ही मर्यादा आणखी खाली. ऑपरेशनआधी विचारा, ‘बायपोलर आहे का, आणि द्रवाचा हिशोब कोण ठेवतं?’ जिथे हे काम नित्याचं आहे तिथे याचं उत्तर लगेच मिळतं.

टाइप २ मध्ये अर्धीअधिक गाठ भिंतीत असते. एका बैठकीत संपेलच असं नाही. मर्यादा आली की थांबून दोन-तीन महिन्यांनी उरलेली काढणं हा योग्य निर्णय आहे, सर्जनचं अपयश समजू नका. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवरच्या गाठी एकाच वेळी कापल्या तर भिंती एकमेकींना चिकटण्याचा धोका असतो. मूल हवं असेल तर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बिणीतून पोकळी बघून घ्यावी. नंतर आठ-पंधरा दिवस थोडं अंगावरून जाणं सामान्य आहे.

भिंतीतली आणि बाहेरची गाठ: पोटावरून दुर्बिणीने

मूल हवं आहे आणि गाठ टाइप ३ ते ७ मधली आहे, अशा बाईसाठी लॅप्रोस्कोपिक मायोमेक्टमी, म्हणजे पिशवी ठेवून दुर्बिणीने फक्त गाठ काढणं, हा पहिला विचार. ब्रिटनमधली फेमे चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मायोमेक्टमी आणि रक्तवाहिनी बंद करण्याचा उपचार यांची तुलना होती, आणि दोन वर्षांनी जीवनमानाच्या मोजमापात मायोमेक्टमी सरस ठरली. दोन्हींनी त्रास कमी झाला, हेही खरं.

पूर्ण भूल दिल्यावर पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, दाब साधारण पाऱ्याच्या १२ ते १५ मिमीइतका. बेंबीजवळ एक १० मिमीचं आणि बाजूंना ५ मिमीची दोन-तीन छिद्रं. गाठीवर रक्तवाहिन्या आवळणारं व्हॅसोप्रेसिन पातळ करून टोचतात. ते चुकून थेट शिरेत गेलं तर रक्तदाब उसळतो आणि नाडी मंदावते, म्हणून टोचण्याआधी भूलतज्ज्ञांना सांगतात. मग आवरण चिरून गाठ पकडून ओढतात आणि हद्दीतून सोडवतात. इथपर्यंतचा भाग बघायला नाट्यमय असला तरी सर्जनची खरी परीक्षा शिवण्यात असते. खड्डा दोन किंवा तीन थरांत शिवला नाही तर आत रक्त साचतं, भिंत कच्ची भरते, आणि पुढच्या गरोदरपणात तिथे फाटण्याची भीती राहते. शिवण्याऐवजी विजेने जाळून रक्त थांबवण्यावर भर दिला, तरी तोच धोका.

सुटलेली गाठ पाच मिलिमीटरच्या छिद्रातून बाहेर येत नाही, तिचे तुकडे करावे लागतात. हे काम पोटात सोडलेल्या प्लास्टिकच्या बंद पिशवीतच (गर्भाशयात नव्हे) व्हायला हवं. पोटात उघड्यावर यंत्राने तुकडे केले आणि ती गाठ सार्कोमा निघाली, तर कॅन्सर पोटभर पसरतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणारी संस्था) २०१४ मध्ये याबद्दल इशारा दिला आणि २०२० मध्ये अशा बंद पिशवीत तुकडे करण्याची शिफारस केली. साध्या फायब्रॉइडचे कणसुद्धा पोटात राहिले तर तिथे रुजून नव्या गाठी होऊ शकतात. संमतीपत्रावर सही करण्याआधी ‘गाठीचे तुकडे (मॉर्सेलेशन) बंद पिशवीत कराल ना?’ हे विचारा, आणि उत्तर कागदावर आलं पाहिजे.

तीन-चार गाठी आणि आठ-दहा सेंटीमीटरपर्यंतचा आकार हा बहुतेक अनुभवी सर्जनांच्या दुर्बिणीच्या टप्प्यात येतो. पंधरा गाठी असतील तर लहानसा छेद घेऊन हाताने चाचपत काढणं जास्त सुरक्षित, कारण दुर्बिणीत बोटाचा स्पर्श मिळत नाही. मधूनच छेद घ्यावा लागला तर घरच्यांनी सर्जनला दोष देऊ नये.

तुलनेने लवकर उठता येतं. चार-सहा तासांनी पाणी, दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीची नळी काढतात, एक-दोन दिवसांत घरी, दोन-तीन आठवड्यांत कामावर. उरलेल्या वायूमुळे खांदा दुखतो. घाबरू नका, चालत राहिलं की दोन-तीन दिवसांत कमी होतो. घागर, सिलिंडर, कडेवरचं मूल यांचं ओझं सहा आठवडे नको. दिवस राहण्यासाठी तीन ते सहा महिने थांबा.

डिस्चार्ज कार्डवर एक ओळ आवर्जून लिहून घ्या: ‘गर्भाशयाची पोकळी उघडली / उघडली नाही’, सोबत गाठी किती आणि कुठल्या भिंतीतून काढल्या. पुढे बाळंतपण नैसर्गिक की सिझेरियन, हे ठरवताना दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांना हीच ओळ लागते. माहेरी बाळंतपणाला जाणाऱ्या लेकीच्या फाइलमध्ये ती नसली, की तिथे अंदाजाने निर्णय घ्यावा लागतो.

रक्तवाहिनी बंद करणं

मूल नको आहे, पण पिशवीही काढायची नाही. गाठी बऱ्याच आहेत, भूल सोसणार नाही किंवा पोटावर आधीच दोन-तीन ऑपरेशनं झाली आहेत. अशा बाईने युटेराइन आर्टरी एम्बोलायझेशनबद्दल, म्हणजे गर्भाशयाची धमनी बंद करून गाठीचा रक्तपुरवठा तोडण्याबद्दल, विचारायलाच हवं. फ्रान्समधल्या जाक राव्हिना यांनी १९९५ मध्ये फायब्रॉइडसाठी याचा वापर प्रसिद्ध केला. हे काम स्त्रीरोगतज्ज्ञ करत नाहीत, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर बघत नळीतून उपचार करणारे डॉक्टर, करतात. त्यामुळे छोट्या दवाखान्यात हा पर्याय बहुधा कानावरही येत नाही. मोठ्या शहरांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांत आणि कॅथलॅब (धमनीत नळी घालून उपचार करण्याची खोली) असलेल्या रुग्णालयांत चौकशी करावी.

आदल्या दिवशी क्रिएटिनिन, रक्त गोठण्याच्या तपासण्या, गर्भ नाही याची खात्री. पाळीचा त्रास चालू असला तरी चालतं, पण योनीमार्गात किंवा ओटीपोटात जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा करायचा. रंगद्रव्याची ॲलर्जी किंवा किडनीचा आजार असेल तर आधीच सांगा. सहा तास पोट रिकामं.

मनगटातून किंवा जांघेतून, त्या जागेपुरती बधिरता देऊन, धमनीत दीड मिलिमीटरची नळी सरकवतात. एक्स-रेच्या पडद्यावर रंगद्रव्य सोडत ती आधी एका बाजूच्या गर्भाशयाच्या धमनीत नेतात. मग सलाईन आणि रंगद्रव्यात मिसळलेले कण हळूहळू सोडतात. कण बहुतेक ५०० ते ९०० मायक्रॉनचे, म्हणजे अर्धा मिलिमीटर ते त्याहून थोडे मोठे. रव्याचे दाणे पाण्यात ढवळावेत तसे सिरिंजमध्ये फिरताना दिसतात. रंगद्रव्य वाहायचं थांबून धमनीत जागच्या जागी रेंगाळलं की ती बाजू झाली. मग दुसरी. एकच बाजू बंद केली तर दुसऱ्या बाजूचं रक्त गाठीला पोसत राहतं. एकूण तासा-दीड तासाचं काम, शुद्धीवर राहूनच.

खरा त्रास नंतर सुरू होतो. रक्ताविना गाठ मरू लागते आणि पहिल्या सहा ते बारा तासांत कळा जोरात येतात, बाळंतकळांची आठवण व्हावी इतक्या. ‘टाका नाही, म्हणजे दुखत नाही’ असं सांगून बाईला आत नेणं चुकीचं आहे. वेदनाशमनाची योजना आधी ठरलेली हवी: बटण दाबून स्वतः औषध घेता येईल असा पंप, किंवा ओटीपोटातल्या नसांना दिलेला ब्लॉक. जांघेतून नळी घातली असेल तर पाय सरळ ठेवून चार-सहा तास झोपायचं. दुसऱ्या दिवशी घरी. आठवडाभर पोटभर जेवणानंतर आयबुप्रोफेनसारखं औषध. हलका ताप, मळमळ, थकवा हे पहिल्या आठवड्यात अपेक्षित आहेत, एक-दोन आठवड्यांत कामावर जाता येतं.

पोकळीतल्या गाठी मेल्यावर सुटून खाली येतात. दोन-तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनीही, कळा येऊन करड्या-पांढऱ्या मांसाचा तुकडा पडू शकतो. पडून मोकळा झाला तर ठीक. अडकला, घाण वासाचा स्राव सुरू झाला आणि ताप आला, तर तो जंतुसंसर्ग आहे, आणि त्यात थांबून चालत नाही. म्हणूनच टाइप ० ची लोंबती गाठ आधी हिस्टेरोस्कोपीने काढणं बरं. काही जणींची पाळी उपचारानंतर कायमची थांबते. पंचेचाळिशीच्या पुढे ही शक्यता जास्त, चाळिशीच्या आत क्वचित.

दोष सांगायचा तर हा उपचार कधी कधी पुरा पडत नाही. अंडाशयाकडून येणारी धमनीही गाठीला रक्त देत असेल, तर गाठ अर्धवट मरते आणि जिवंत उरलेला भाग वाढतो. ब्रिटनमधल्या रेस्ट चाचणीत पाच वर्षांत साधारण तीनांतल्या एकीला पुन्हा काही उपचार करावा लागला. नेदरलँड्समधल्या एमी चाचणीत दहा वर्षांनंतर सुमारे दोन-तृतीयांश जणींची पिशवी शाबूत होती. पिशवी राखण्यासाठी तो हिशोब वाईट नाही, पण आधी कळायला हवा.

उष्णतेचे उपचार

ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून गाठ तापवून मारणं हा छेद नसलेला मार्ग. एमआरआयच्या मार्गदर्शनाखालच्या यंत्राला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. तीन-चार तास न हलता पालथं झोपावं लागतं. मार्गात आतडं किंवा सिझेरियनचा जाड व्रण आला तर भाजण्याचा धोका असतो. एमआरआयच्या टी-२ चित्रात पांढरीशुभ्र दिसणारी गाठ याला नीट दाद देत नाही, काळी दिसणारी देते. मोजक्या ठिकाणीच ही सोय आहे. सुई खुपसून रेडिओलहरींनी गाठ तापवण्याची पद्धतही आहे, दुर्बिणीतून किंवा गर्भाशयाच्या मुखातून. मूल हवं असेल तर या दोन्हींचा पुरावा मायोमेक्टमीइतका भक्कम नाही.

पैसे आणि कागद

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत जाणार असाल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना उपचाराचं नेमकं नाव सांगून ते पॅकेजमध्ये आहे का, हे भरती होण्याआधी विचारा. ‘फायब्रॉइडचं ऑपरेशन’ एवढं सांगू नका, कारण पिशवी काढणं आणि गाठ काढणं ही वेगवेगळी पॅकेजं असतात. खासगी विम्यात गर्भाशयाच्या गाठींसाठी बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो. पॉलिसीची तारीख आधी बघा.

घरी आल्यावर कशाने धावत जायचं

दोन तास सलग, तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल. ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप किंवा दुर्गंधी स्राव. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक दम लागणं. आणि दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवसापासून दुखणं कमी होण्याऐवजी वाढत जाणं, पोट फुगणं, वायू न सरणं. आतड्याला झालेली बारीक इजा लगेच कळत नाही, ती दोन ते सात दिवसांत उघड होते. ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा खाऊन रात्र काढू नका, ऑपरेशन झालेल्या रुग्णालयातच परत जा.

काढलेली गाठ पॅथॉलॉजीला गेली का, हे विचारून रिपोर्ट हातात घ्या. तो आल्याशिवाय उपचार पुरा झाला असं धरू नका.

रक्तवाहिनी बंद केल्यानंतर तीन ते सहा महिन्यांनी एमआरआय करतात. रिपोर्ट बघून पुष्कळ जणी खट्टू होतात, ‘सहाची फक्त पावणेपाच झाली?’ इथे गुणाकार करून बघा. गाठीचं घनफळ म्हणजे लांबी × रुंदी × उंची × ०.५२. सहा सेंटीमीटरच्या गोल गाठीचं होतं साधारण ११२ घनसेंमी, ४.८ सेंटीमीटरचीचं साधारण ५८. म्हणजे व्यासात फक्त एक-सव्वा सेंटीमीटरचा फरक, पण गाठ निम्मी झाली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रंगद्रव्य दिल्यावर गाठ काळी राहते का. पूर्ण काळी असेल तर ती मेलेली आहे आणि पुढेही आक्रसत जाईल. कडेला उजळ पट्टा दिसत असेल तर तिथे रक्त अजून जातंय. तो पट्टा किती जाड आहे ते लिहून घ्या, पाळीला किती पॅड लागले ते तीन महिने वहीत मांडा, आणि रक्तस्राव परत वाढला तर ती वही आणि तोच एमआरआय घेऊन रेडिओलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांकडेही जा.